हातात दिलेला चाकू

ईदची सुट्टी संपवून माझा सोबती गावाहून परत आला. तो उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा. सूतगिरणीत आम्ही दोघं रिंग खात्यात, शेजारशेजारच्या साच्यांवर. तिसऱ्या पाळीत चहाच्या वेळी त्यानं खिशातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि बाकावर ठेवलं. "तेरे लिए लाया," म्हणाला.

फडकं सोडलं तर आत चाकू. रामपुरी.

मी हात पुढं केला होता. त्यानं मात्र माझ्या हाताला वळसा घालून चाकू बाकावर ठेवला होता. मी विचारलं, "हातात का नाही दिलास?" तो हसला. "हाथ में नही देते भाई, दोस्ती कट जाती है."

ही समजूत आपल्याकडंही आहे. कात्री, सुरी हातात देऊ नये, भांडण होतं. खाली ठेवावी, दुसऱ्यानं उचलावी. युरोपातही चाकू भेट मिळाला की घेणारा एखादं नाणं देतो, म्हणजे मैत्री तुटत नाही. जगभर माणसं धारेला भ्यालेली आहेत. त्यात वावगं काही नाही. धार कुणाचीच ओळख ठेवत नाही.

पण माझा हात तसाच राहिला. चाकू उचलवेना. त्याला कळेना की ह्याला झालं काय.

मित्रांनो, मला माझी आजी आठवली. ती सांगते, तिच्या लहानपणी वाड्यावर भाकर मागायला गेलं की भाकर वरून पडायची. पदर पसरायचा, खालून झेलायचं. दुकानदार मीठ-मिरची उंबऱ्यावर ठेवायचा, मागं सरायचा, मग हिनं उचलायची. पाणी वरून धारेनं ओंजळीत. चाकू हातात देत नाहीत, कारण त्याला धार असते. भाकरीला कुठली धार? मिठाला कुठली? म्हणजे धार वस्तूला नव्हती. ती आमच्या हातांना लावलेली होती. अख्ख्या गावानं आम्हाला उघडा चाकू समजून हजारो वर्षं लांबून व्यवहार केला.

मी हे सोबत्याला मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. तो गप्प झाला. मग त्यानं चाकू उचलला, मिटलेलाच, मूठ माझ्याकडं केली आणि माझ्या तळहातावर ठेवला. वर माझी बोटं स्वतःच्या हातानं मिटली. "अब कट जाए तो कट जाए," म्हणाला. आम्ही दोघंही हसलो. भोंगा झाला. साच्यावर गेलो.

त्या रात्री सकाळपर्यंत तो खिशात होता. मांडीला त्याचं वजन लागत होतं. पहाटे खोलीवर जाऊन नीट बघितला. पितळी मूठ, थंडगार. तिच्यात खटका. खटका दाबला की पातं बाहेर येतं, आणि जो आवाज होतो तो सिनेमा बघितलेल्या प्रत्येकाच्या कानात आहे. पातं माझ्या चार बोटांएवढं. तेलाचा वास. धार तशी बोथटच, दगडावर लावून घ्यावी लागणार. पेरू कापला. बरा कापला. खरं सांगतो, मला लहान पोरासारखा आनंद झाला. आणि पाठोपाठ भीतीही वाटली.

कारण ह्या चाकूचं नाव बदनाम आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या हिंदी सिनेमांनी रामपुरी गुंडाच्या हातात दिला आणि बघणाऱ्यांच्या मनातून तो पुन्हा काढून घेतला नाही. रामपूरच्या कारागिरांनी पिढ्यान्पिढ्या केलेलं काम, पितळेवरची नक्षी, खटक्याचं गणित, सगळं त्या एका आवाजात बुडालं. 1990 च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारनं साडेचार इंचांहून लांब पात्याच्या चाकूवर बंदी आणली. कारागिरांचा धंदा बसला. आणि 2023 साली त्याच शहरात, चौकात, वीस फुटी चाकू उभा केला. खिशातला चाकू गुन्हा, चौकातला चाकू शहराचं भूषण! आमच्याकडंही पोलीस कायद्याच्या कलम 37 चा हुकूम निघाला की हत्यार बाळगायची बंदी होते. रात्रपाळीहून परतणाऱ्या माणसाच्या खिशात रामपुरी सापडला तर आधी त्याचं नाव विचारलं जाईल, पेरू नंतर. म्हणून मी तो खिशात ठेवत नाही. खिशातला म्हणून केलेला चाकू खोलीवर पत्र्याच्या पेटीत पडून आहे. पुढं सुट्टीत गावी गेलो तेव्हा तेवढा पिशवीच्या तळाला घालून घरी नेला.

आजीनं बघितला आणि तोंड फिरवलं. "सुरी घरात आणलीस व्हय रं?"

आमच्या घरात विळी आहे. चाकू कधी नव्हता. का, ते मला त्या दिवशी कळलं. माझ्या पणजोबाकडं ढोर फाडायची सुरी होती. गावात ढोर मेलं की ओढून न्यायचं, फाडायचं, आणि तेच खायचं. 19 आणि 20 मार्च 1927 ला महाडला परिषद झाली. मेलेल्या ढोराचं मांस सोडा, ही गलिच्छ कामं सोडा, असं बाबासाहेबांनी सांगितलं. ती हाक गावोगाव गेली. आमच्या वस्तीत बैठक बसली. पणजोबानं सुरी ओढ्यात फेकली. गावानं दाणापाणी बंद केलं, तरी तो पुन्हा ओढ्याकडं गेला नाही. आजी नवी नवरी होऊन आली तेव्हा सासऱ्यानं तिला हे सांगितलं होतं. म्हणून म्हातारीला पातं दिसलं की ओढा दिसतो.

आता प्रश्न हा आहे. पणजोबानं सुरी फेकली, मी चाकू घरात आणला. म्हणजे मी त्याचं केलेलं मोडलं का? पाप सुरीला चिकटलं होतं का?

आपल्या भाषेत हत्यार हा शब्द बघा. सुताराची हत्यारं म्हणतात आणि पंचनाम्यातही हत्यारच लिहितात. शब्द एक, लोखंड एक. खंडेनवमीला सगळ्यांच्या हत्यारांना हळदकुंकू वाहतात. पणजोबाच्या सुरीला कुणी फूल वाहिलं? ते वाहायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पूजा आपण टाकून दिली. पण एका लोखंडाला देव्हारा आणि दुसऱ्याला विटाळ, ही वाटणी लोखंडानं केलेली नाही. पणजोबानं लोखंड फेकलं नाही. त्यानं सक्ती फेकली. सुरी त्याच्या हातात त्याच्या मर्जीनं आलेली नव्हती, जातीनं आलेली होती. माझ्या हातात चाकू आला तो एका माणसानं दिला म्हणून. मला नको असता तर मी नाही म्हणू शकत होतो. फरक इथं आहे.

धम्मात मी उत्तर शोधलं. भिक्खूच्या आठ वस्तूंत वस्तरा आहे, सुई आहे. म्हणजे बुद्ध धारेला भ्याला नाही. पण त्यानंच उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यात शस्त्रांचा व्यापार पहिला. मग रामपूरचा कारागीर कुठं बसतो? माझ्या सोबत्याच्या नात्यातच असे हात आहेत. त्याला मी मिथ्या आजीविका म्हणू? म्हणवत नाही. पेरू कापणारं पातं आणि माणूस कापणारं पातं एकाच भट्टीतून निघतं. ही गाठ मला सुटलेली नाही. सुटली असं दाखवणार नाही.

एवढं मात्र कळलं. बुद्धानं कर्म चेतनेत बघितलं, आणि चांगल्या कर्माला पालीत कुसल म्हणतात. कुशल. म्हणजे हेतू चांगला असून भागत नाही, हात शिकलेला लागतो. आम्हा साच्यावरच्यांना हे रोज दिसतं. धागा तुटला की तंतू रोलरवर गुंडाळत जातो, लॅप बसतो. नवा पोरगा घाई करतो, पात्यानं लॅप कापतो. लॅप निघतो, पण खालच्या रबरावर चीर पडते. मग त्याच चिरेत तंतू पुन्हा पुन्हा अडकतो. हेतू चांगला होता. धारही चांगली होती. तरी साचा बिघडला. आपला राग असाच आहे, मित्रांनो. त्याला धार पाहिजेच. पण कापायचं काय आणि खाली रबर कुठंय, हे शिकलं पाहिजे.

ह्याच रिंग खात्यात माझा आजोबा मुंबईत होता, 1982 च्या संपापर्यंत. जुन्या काळी आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत. तिथं पगार जास्त. कांडी बदलली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा बाकीच्या कामगारांना चालत नसे. लाल बावट्याखाली एकत्र लढणारे कामगार! 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढं ठेवला. पुन्हा तेच. भाकर काय, धोटा काय, हातातून हातात जायचं नाही.

म्हणून मला त्या रात्रीचं मोल वाटतं. देणं सोपं असतं. वरून टाकलं तरी ते देणंच, त्याला दान म्हणतात, पुण्य म्हणतात. आपल्याला दान पुष्कळ मिळालं. धारेची वस्तू मात्र मूठ पुढं करून दुसऱ्याच्या हातात द्यायची, म्हणजे त्याच्यावर विश्वास टाकायचा. तू आता धार धरून माझ्याजवळ उभा आहेस आणि मी मागं सरत नाही, असं सांगायचं. बरोबरी म्हणजे आणखी काय असतं?

आजीला मी हे सगळं सांगितलं नाही. कैरी कापली आणि चाकू मिटून तिच्यापुढं धरला. तिनं बराच वेळ घेतला नाही. मग घेतला, मूठ दाबून बघितली. "जड हाय," म्हणाली. परत देताना सवयीनं जमिनीवर ठेवायला वाकली. मी हात खाली नेला नाही. तसाच पुढं धरून ठेवला.

तिनं तो माझ्या हातात दिला.