परसातली सेवा

माउली, चैत्रातले शनिवार-रविवार उमरग्याच्या उन्हात परसबाग खुरपण्यात गेले, तर नेम चुकला का? अरणचे सावता महाराज मळा सोडून पंढरीस गेले नाहीत, असे परंपरा सांगते. शके 1217 मध्ये त्यांनी तिथेच देह ठेवला. पण त्यांचा आधार घेताना जरा थांबा. त्यांचा मळा लोकांच्या पोटाला लागत होता. आपली बाग पुष्कळदा डोळ्यांपुरतीच. शेजारची घागर रिकामी असताना मोगऱ्याला पाइप लावून नाम घेता येईल. ते पांडुरंगाला पोचेल का, मला शंका आहे. तुळशीला तांब्याभर पुरते. आळ्यात पालापाचोळा अंथरलात तर ओलही टिकेल. आणि मोगरा? त्याला भाजी धुतलेले पाणी घाला. तो तक्रार करत नाही.