त्साप्फिनोची लपेट

शाळेत कित्ता गिरवताना सगळा आटापिटा एकाच गोष्टीसाठी असतो. ओळीतला पहिला ‘क’ आणि शेवटचा ‘क’ हुबेहूब एक दिसला पाहिजे. हेर्मान त्साप्फ या जर्मन सुलेखनकारांनी नेमकी उलटी मेहनत केली.

त्साप्फ न्यूर्नबर्गचे, जन्म १९१८चा. सुलेखन ते पुस्तकं पाहून स्वतःच शिकले. महायुद्धात नकाशे काढायच्या कामावर होते, आणि भिंग न लावता मिलिमीटरभर उंचीची अक्षरं काढत. १९४४ मध्ये आपल्या वहीत त्यांनी लपेटदार अक्षरांत एक पान लिहिलं. असा मोकळा हात छापता यावा, ही हौस त्यांना पुढे अर्धं शतक पुरली. १९४८ साली श्टेम्पेल या छपाईचे खिळे ओतणाऱ्या कंपनीसाठी त्यांनी प्रयत्न करून पाहिला. पण शिशाच्या खिळ्याला चौकट असते. अक्षराची शेपटी बाहेर डोकावली की शेजारच्या खिळ्याला अडते, नाहीतर मोडते. त्यामुळे लपेटींना आवर घालावा लागला.

संगणकावर ही चौकट उरली नाही. डेव्हिड सीगल नावाच्या अमेरिकी तरुणाने त्साप्फ यांच्याबरोबर या अक्षरांवर काम सुरू केलं आणि मध्येच सोडलं. त्साप्फ खचले, पण थांबले नाहीत. अखेर १९९८ मध्ये लायनोटाइप कंपनीने ‘त्साप्फिनो’ हा फाँट बाजारात आणला. त्या वर्षी त्यांनी ऐंशी पूर्ण केली.

या फाँटची खरी गंमत लपेटीत नाहीच. एकाच अक्षराची इथे अनेक रूपं आहेत. शब्दात दोन ‘डी’ आले तर एकाची मान लांब मागे झुकलेली ठेवावी, दुसऱ्याची आखूड. हात असाच लिहितो. एकदा काढलेला फराटा त्याला पुन्हा तसाच काढता येत नाही. रोमन लिपीला आपल्यासारखी जोडाक्षरंही इथे भरपूर मिळाली. अ‍ॅपलच्या संगणकावर या फाँटमध्ये त्याचंच नाव टाइप केलं, तर सगळ्या शब्दाचं मिळून एकच अक्षरचित्र होतं! म्हाताऱ्याचा हा खट्याळपणा मला फार आवडतो.

वापर मात्र जपून करावा. अत्तराच्या बाटलीवरचं नाव, मानपत्रावरचं नाव, पत्रिकेवर वधूवरांची नावं, एवढंच त्याचं राज्य. काही पत्रिकांत कार्यालयाचा पत्ता आणि जेवणाची वेळही याच अक्षरांत असते, आणि वरच्या ओळीच्या शेपट्या खालच्या ओळीच्या डोक्यात अडकतात. सगळी मोठी अक्षरं सलग लावणं तर त्याहून वाईट. तिथे प्रत्येक अक्षर नवरदेवासारखं मिरवतं आणि वऱ्हाडी कोणी उरतच नाही.

जाणता मांडणीकार नाव टाइप करून सोडून देत नाही. तो अक्षरांची रूपं एकेक करून बदलून पाहतो, कुठे शेपटी काढून टाकतो, कुठे जागा वाढवतो. चार शब्दांच्या नावाला त्याची अख्खी सकाळ जाते.