रात्री तीनचं दार

लग्नानिमित्त सुरतेला गेलो होतो. भुसावळकडून येणारी गाडी रखडली आणि स्टेशनाजवळच्या छोट्या हॉटेलात पोचेपर्यंत रात्रीचे तीन वाजले. शटर अर्धं ओढलेलं. हाक मारल्यावर काउंटरमागून एक पोरगा उठला. पायानेच गादी आत सरकवली, शर्टाची बटणं लावत ‘या साहेब’ म्हणाला आणि आधारकार्ड मागायच्या आधी पाण्याची बाटली पुढे केली. आमचं मराठी ऐकून त्याची कळी खुलली. नंदुरबारकडचा निघाला. लिंबायत, डिंडोलीकडे खानदेशातली कितीतरी कुटुंबं पोटामागे येऊन वसली आहेत. हा मात्र हॉटेलातच राहायचा, काउंटरमागे. सकाळी सातला चहा घेऊन तोच दारात. गीझर बंद, म्हणून कढत पाण्याची बादली जिन्यावरून चढवणाराही तोच.

दुपारी खोली सोडली आणि लगेच मोबाइलवर विचारणा आली: आमची सेवा कशी वाटली?

लिहायला सोपं होतं. ‘रात्री तीनलाही हसतमुखाने स्वागत.’ पण हे मालक वाचणार, पुढची गिऱ्हाइकं वाचणार. एका पोराने झोप मोडून दाखवलेला चांगुलपणा उद्यापासून हॉटेलची सोय ठरणार. पुढच्या रात्री तो हसला नाही, तर कुणीतरी एक स्टार देऊन मोकळा होईल. गीझरचा राग निघेल तोही त्याच्यावरच, कारण मालक काही बादली घेऊन समोर येत नाही.

पाहुण्याला देव मानावं, हे तैत्तिरीय उपनिषदात गुरू सांगतो ते शिकून घरी निघालेल्या शिष्याला. म्हणजे उद्या ज्याचं स्वतःचं घर असेल, त्याला. पगारी माणसाने चोवीस तास देवपूजा करावी, असं त्यात कुठे नाही. आपण मात्र भाडं भरलं की देव्हाऱ्यात जाऊन बसतो. (सुरतेत मराठी पाहुणे १६६४ मध्ये कसे आले होते, ते सुरतकर विसरलेले नाहीत, तेव्हा आपण जरा नमतं घेतलेलं बरं.)

याच शहरात मुगलीसरा आहे. शाहजहानच्या काळात, १६४४ मध्ये, प्रवाशांसाठी बांधलेली सराई. हजला निघालेले यात्रेकरू सुरतेच्या बंदरातून जहाजावर चढत, त्याआधी इथे उतरत. आज तिथे महानगरपालिकेचं मुख्यालय आहे. उतारूने तिथल्या नोकराबद्दल शेरा लिहून जायची सोय तेव्हा नव्हती.

शेऱ्याचं तसंच पैशाचं. हॉटेलांनी बिलात परस्पर सेवाशुल्क लावायचं नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये बजावलं; दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ते उचलून धरलं. योग्यच झालं. पण त्या वाचलेल्या पैशातून वेटरच्या हातावर किती पडले, हे ज्याने त्याने आठवून पाहावं.

मी गीझरबद्दल आणि रात्रपाळीला दुसरा माणूस नाही याबद्दल लिहायचं, पोराचा विषयच काढायचा नाही, असं ठरवलं होतं. रिक्षात बॅग ठेवताना त्यानेच विचारलं, ‘साहेब, माझं नाव टाकाल ना? दिवाळीला शेठ बघतात, कुणाचं नाव किती वेळा आलं ते.’

पैसे त्याच्या हातात दिले. नाव टाकलं, पाच स्टार दिले. रात्रीच्या तीनचा उल्लेख तेवढा गाळला.