गोदावरी : एक नांव आणि एक प्रश्न

गंगापूर तालुक्यांतील कायगांवास नदीकांठीं उभें राहून 'ही नदी कोणती?' असें विचारल्यास 'गंगा' असें उत्तर येतें. नकाशांत ती गोदावरी आहे. पुराणांत गौतम ऋषींच्या संबंधानें ती गौतमी आहे. आणि तिच्या तीरावरील घराघरांतून ती गोदा, गोदूबाई, गंगूबाई होऊन नांदली आहे. गौतमांच्या माथीं आलेलें गोहत्येचें पातक धुवून निघावें म्हणून शंकरांनीं ब्रह्मगिरीवर गंगा उतरविली, ही कथा सर्वश्रुत आहे. तेंच पावित्र्य व तीच समृद्धि आपल्या कन्येच्या ठायीं असावी, हा आईबापांचा हें नांव ठेवण्यांतील हेतु.

यांत एक मौज आहे. नक्षत्र, वृक्ष किंवा नदी यांचें नांव असलेली कन्या वरूं नये, असें मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत सांगितलें आहे. तरी स्मृतीस मानणाऱ्या महाराष्ट्रानें आपल्या लेकींस गोदावरी, यमुना, कृष्णा, नर्मदा म्हणण्याचें सोडलें नाहीं. वात्सल्यापुढें शास्त्राचें चाललें नाहीं. मग इतक्या वात्सल्यानें दिलेलें नांव, लग्नांत तबकांतील तांदळांवर अंगठीनें नवीं अक्षरें उमटतांच पुसलें जावें, हें न्याय्य आहे काय?

गोपाळराव जोशी यांच्या घरीं आलेली यमुना आनंदी झाली व १८८६ सालीं डॉक्टर होऊन त्याच नांवानें कीर्ति पावली. बालविधवा गोदूबाई १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं विवाहबद्ध होऊन आनंदीबाईच झाल्या. नवें नांव अशुभ होतें किंवा प्रेमावांचून दिलेलें होतें, असें कोण म्हणेल? परंतु दोन नद्या एका नांवांत लुप्त झाल्या, हेंही खरें. उलट गोदावरी परुळेकर यांनीं आडनांव बदललें, तरी माहेरचें नांव राखलें. त्यानें त्यांच्या संसारास किंवा कार्यास उणेपणा आला नाहीं.

कोणी म्हणेल, कायगांवासमोर प्रवरा गोदावरीस मिळते व आपलें नांव टाकते; तिची त्यांत काय हानि झाली? दृष्टांत गोड आहे, पण नदीस आपलें नांव ठाऊक नसतें; लहानपणापासून ज्या हांकेस 'ओ' दिली, ती हांक मनुष्य विसरत नाहीं. शिवाय गोदावरीस आम्ही 'गंगा' म्हटलें, तें 'गोदावरी' पुसून नव्हे. प्रेम नांवांत भर घालतें. पहिलें नांव पुसतें तें स्वामित्व. आज कायदा स्त्रीस नांव बदलावयास लावीत नाहीं. उरली ती केवळ रूढि, आणि तिचा विचार घरोघरींच व्हावयास पाहिजे.

आणि प्रवरेचाच दाखला घ्यावयाचा, तर तो पुरता घ्यावा. ती जेथें गोदावरींत मिळून जाते, त्या गांवास लोकांनीं नांव दिलें आहे प्रवरासंगम!