रविवारची फेरी

दर रविवारी सकाळी मी आमच्या कासवाला सोसायटीच्या हिरवळीवर सोडत असे. चार वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका दुकानातून आणलं तेव्हा ते दहाच्या नाण्याहून जेमतेम मोठं होतं. आता तळहातात मावत नाही. डोळ्यामागे लाल पट्टा असलेली ही जात मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातली. तिसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या टाकीत ते आलं ते निव्वळ माझ्या हौसेपायी.

गवतावर ठेवलं की आधी ते मान आत घेई, आणि मग एकदम सुसाट सुटे. मुलं ओरडत, "दादा, बघ किती खूश झालंय!" मलाही तसंच वाटे. आठवडाभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या मला त्याचा रविवार माझ्यासारखाच असणार, याची खात्री होती.

एकदा लक्ष देऊन पाहिलं. सोडावं तिथून ते दर वेळी झुडपाखालीच जात होतं. उघड्यावर सापडलेलं पाणकासव दुसरं काय करणार? आडोसा शोधणार, पाणी शोधणार. लॉग वाचताना आम्ही प्रोग्रामर हीच चूक करतो. काय घडलं ते तिथे लिहिलेलं असतं. का घडलं, ते आपण आपल्या पदरचं घालतो. मी पळणं पाहिलं आणि आनंद वाचला.

आपल्या संतांची कासवी पिलांना नुसत्या नजरेनं पोसते. खरी कासवी मातीत अंडी घालते, वर माती लोटते आणि पाण्यात निघून जाते. प्रेमळ नजरेची गरज माणसाची आहे. माझीही होती.

मग बाहेर नेणं बंद करावं? तेही चालत नाही. अंग तापवायला त्याला कोरडी जागा लागते. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे त्याच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं. ते नसेल तर कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडतं. खिडकीची काच हे किरण बहुतांशी अडवते. नदीत सोडून मोकळं व्हावं, तर जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परक्या जातींच्या यादीत याचं नाव आहे. माझ्या पापक्षालनाची किंमत इथल्या कासवांनी का मोजावी?

शेवटी बाल्कनीत मोठा टब ठेवला. अर्ध्यावर सावली, आणि पाण्यातून वर यायला विटांचा उतार. आता मी त्याला उचलत नाही. वाटलं तर ते वर येऊन मागचे पाय ताणून ऊन खातं; माझी सावली पडली की डुबकन पाण्यात. मुलांना यात काही गंमत वाटत नाही.

हाही पिंजराच आहे, हे मला ठाऊक आहे. पण जमिनीवर सोडणं म्हणजे मोकळीक, हे माझं गणित चुकलं होतं. ती हिरवळ मी निवडलेली होती, वेळ माझी होती, परत नेणाराही मीच. त्या विटेवर यायचं की नाही, एवढं तरी आता त्याच्या हातात आहे.

ही कासवं नीट सांभाळली तर 30 वर्षंही जगतात. माझ्या कुठल्याच नोकरीनं मला एवढं लांबचं वचन दिलेलं नाही, मीही कोणाला दिलेलं नाही. सध्या नवीन घर शोधतोय. एजंटला पहिला प्रश्न विचारतो, "बाल्कनीत सकाळचं ऊन येतं का?"