फिल्टरवर नाही, म्हणजे हवेत नव्हते?

समोरच्या जमिनीवर घडा नाही, हे माणसाला कळते कसे? भाट्ट मीमांसकांनी त्यासाठी अनुपलब्धी हे वेगळे प्रमाण मानले आणि त्याला कडक अट घातली. घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही, एवढ्यावरून तो नाही असे ठरत नाही.

हवेतल्या सूक्ष्म धुळीचे रसायन मोजणाऱ्यांची गाठ याच अटीशी पडते.

कॅलिफोर्नियातले रिव्हरसाइड घ्या. लॉस एंजलिसच्या वाहनांच्या धुरातून तयार झालेले नायट्रिक आम्ल वाऱ्याबरोबर पूर्वेकडे सरकते, वाटेत चिनोच्या गोठ्यांवरचा अमोनिया त्यात मिसळतो आणि अमोनियम नायट्रेटचे कण बनतात. ही सूक्ष्म धूळ, म्हणजे पीएम २.५, मोजणारे यंत्र मिनिटाला १६.७ लिटर, म्हणजे दिवसभरात सुमारे २४ घनमीटर हवा टेफ्लॉनच्या फिल्टरमधून ओढते. त्यावर जमते ते बहुधा मिलिग्रॅमभरही नसते. त्यातही रात्रीच्या गारव्यात बसलेले नायट्रेट दुपारी ऊन तापले की वायू होऊन निघून जाते. प्रयोगशाळेतला आकडा मग चोख निघतो, पण उरलेल्याचा. नायट्रेटच्या बाबतीत तापलेला टेफ्लॉन म्हणजे अंधारी खोलीच. अशा आकड्यांवर माणसांच्या श्वासाविषयीचे निर्णय होतात, म्हणून हा प्रश्न केवळ तर्काचा राहत नाही.

यावर उपाय आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांतल्या ‘इम्प्रूव्ह’ या हवा मोजणाऱ्या केंद्रांच्या जाळ्यात हवा आधी डिन्यूडरमधून जाते. तो वायुरूप नायट्रिक आम्ल शोषून घेतो आणि कणांना पुढे सोडतो. मागचा नायलॉन फिल्टर कणांतून नंतर सुटलेले आम्लही धरून ठेवतो. आता ‘नाही’ म्हणण्याला आधार मिळतो.

कार्बनचे कोडे मात्र जास्त अवघड आहे. क्वार्ट्झचा फिल्टर सेंद्रिय वाफाही शोषतो, त्यामुळे जे कणांत नव्हतेच ते मोजले जाते. म्हणून त्याच्यामागे दुसरा क्वार्ट्झ लावतात. त्यावर सापडलेला कार्बन हवेतल्या वाफेचा असेल, तर तेवढाच पुढच्या फिल्टरवरही बसला असे धरून वजा करायचा. तो पुढच्याच कणांतून उडालेला असेल, तर मिळवायचा. पुरावा एकच, निष्कर्ष मात्र परस्परविरोधी. डिन्यूडरने वाफ आधीच काढून घ्यावी, तर कण आणि वाफ यांच्यातला तोल बिघडतो आणि कणांतून आणखी काही उडू लागते. इथे पाहण्याची सोयच पाहायच्या वस्तूला बदलते. त्यामुळे कोणत्या मांडणीने मोजले आणि चूक कोणत्या बाजूला झुकते, हे आकड्याशेजारीच लिहिले गेले पाहिजे.