पटावरून कमी झालेली माणसे

आपल्या शाळा मृतांना विसरतात असे म्हणता येणार नाही. संस्थापकांच्या पुण्यतिथीला प्रतिमापूजन होते, इमारत निधीला देणगी देणाऱ्यांची नावे दाराशी संगमरवरात कोरलेली असतात, शताब्दीच्या स्मरणिकेत माजी मुख्याध्यापकांची छायाचित्रे ओळीने छापली जातात. एखादे शिक्षक सेवेत असताना गेले तर शोकसभा होते, दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून शाळा सुटते. पण उभी हयात घंटा देणारे शिपाईमामा, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, आठवीत असताना तापाने गेलेली मुलगी, यांची आयुष्ये शाळेने कुठे लिहून ठेवली आहेत? पद, पैसा किंवा गुण यांपैकी काहीतरी असल्याशिवाय शाळेच्या स्मरणात जागा मिळत नाही. माझे म्हणणे असे आहे की शाळेने आपल्या प्रत्येक दिवंगत माणसाचे आयुष्य, अर्ध्या पानात का होईना, लिहून ठेवावे. कोणाला गहिवरून आले तर करायचे हे काम नव्हे. हजेरीपटाइतकेच ते दप्तराचे काम व्हावे.

असे काम झाले नाही की काय हरवते, याचा पुरावा आपल्या सर्वांत अभिमानास्पद शाळेपाशीच सापडतो. 1848 मध्ये पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी काढलेल्या शाळेतल्या पहिल्या सहा मुलींची नावे सांगितली जातात: अन्नपूर्णा जोशी, सुमती मोकाशी, दुर्गा देशमुख, माधवी थत्ते, सोनू पवार, जनी करडिले. नावांपुढे मात्र जवळपास कोरेच आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बोल खात ज्या घरांनी या मुलींना शाळेत धाडले, त्या घरांत पुढे काय घडले, मुलींनी शिकलेली अक्षरे कुठे वापरली, हे कोणी टिपले नाही. फुल्यांच्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला, म्हणून तिचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचला. तो वाचवला एका मिशनरी नियतकालिकाने. इतक्या धारदार मुलीचे पुढचे आयुष्य मात्र अंधारातच राहिले. फातिमा शेख यांच्या बाबतीत तर सावित्रीबाईंनी 10 ऑक्टोबर 1856 रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रातला ओझरता उल्लेख हाच मोठा आधार आहे, आणि पुरावा इतका तुटपुंजा असल्यामुळे त्या होत्या की नव्हत्या असा वाद आपल्या काळात घालता येतो. डिसेंबर 2023 मध्ये भिडेवाड्याची जीर्ण वास्तू स्मारकासाठी पाडली गेली. स्मारक जरूर उभे राहावे. पण त्या मुलींविषयी तेव्हा लिहिलेले अर्धे पान आज त्या दगडविटांहून मोलाचे ठरले असते.

जिथे कागदपत्रांची वाण नव्हती, तिथेही स्मरण लेखणीच्याच मागे गेले. 1 जानेवारी 1880 रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले आणि पहिल्या सोळा-सतरा वर्षांतच त्या शाळेने आपली चार कर्ती माणसे गमावली. चिपळूणकर 1882 मध्ये गेले, वामन शिवराम आपटे 1892 मध्ये, आगरकर 1895 मध्ये, महादेव बल्लाळ नामजोशी 1896 मध्ये. पहिल्या तिघांच्या मागे निबंधमाला, संस्कृत कोश आणि ‘सुधारक’ राहिला. नामजोशींची मुख्य कर्तबगारी मदत मिळवणे, माणसे जोडणे, संस्था उभी करणे ही होती. आज आगरकरांचे नाव न ऐकलेला मराठी वाचक शोधावा लागेल. नामजोशी कोण, हे मात्र सांगावे लागते. संस्थापकाची ही गत, तर प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणाऱ्या माणसाची काय होत असेल?

यावर कोणी म्हणेल, शाळेत जनरल रजिस्टर असतेच की. असते, आणि ते कायम जपावे लागते. त्यात नाव, जन्मतारीख, जात, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण लिहिलेले असते. मूल दगावले तर नाव पटावरून कमी होते आणि शेऱ्याच्या रकान्यात एक शब्द पडतो. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाले आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी गावोगावच्या शाळांची जुनी रजिस्टरे बाहेर निघाली, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी गेली. गरज पटली की शंभर वर्षांपूर्वीचे पानही सापडते, हे त्यातून दिसले. पण ती पाने वाचली गेली एका रकान्यासाठी. ज्या माणसाची जात वाचायची, त्याच्याबद्दल आणखी काही वाचावे असे तिथे काही लिहिलेच नव्हते.

दुर्घटनेत गेलेल्या मुलांची आठवण समाज ठेवतो. तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत 16 जुलै 2004 रोजी आग लागून 94 मुले गेली. तो आकडा शाळांच्या अग्निसुरक्षेच्या चर्चेत अजून येतो आणि यायलाच हवा. तरीही ही मृत्यूची आठवण झाली. त्यांतले एखादे मूल कोणत्या विषयात रमायचे, कोणाशी भांडायचे, हे आकड्यात मावत नाही. ते वर्गातल्या बाईंना आणि शेजारच्या बाकावरच्या मुलांना माहीत असते.

सर्वांत गंभीर आक्षेप मुलांच्या मनाचा आहे: शाळा जगायला शिकवते, तिथे मृत्यू कशाला? पण मृत्यू शाळेत आपणहून येतो. बाकावरची जागा रिकामी होते आणि मोठी माणसे विषय बदलतात, तेव्हा मुले एवढेच शिकतात की आपणही गेलो तर असाच विषय बदलला जाईल. त्यापेक्षा वर्गाने मिळून त्या मैत्रिणीविषयी चार खरी वाक्ये लिहिणे अधिक धीर देणारे आहे. दुसरा आक्षेप कुटुंबाच्या दुःखाचा आणि खाजगीपणाचा, आणि तो पूर्णपणे मान्य करायला हवा. घरच्यांच्या संमतीवाचून एक ओळही लिहू नये. आजार, जात, आत्महत्येचा तपशील यांना त्या पानावर जागा नसावी. तिसरा आक्षेप असा की मेलेल्याविषयी वाईट बोलू नये ही आपली रीत, त्यामुळे सगळेच मनमिळाऊ आणि कर्तव्यदक्ष ठरतील. ही भीती खरी आहे, आणि तिच्यावर उपाय तपशिलाचा आहे. टिळक-आगरकरांचे हाडवैर सांगितल्याने दोघांपैकी कोणी लहान झाला नाही. गणिताचे सर तापट होते, पण नापास मुलांसाठी उन्हाळ्यात स्वतःहून वर्ग घ्यायचे, असे लिहिले की माणूस उभा राहतो. ‘आदर्श शिक्षक’ एवढेच लिहिले की तो पुसला जातो.

हे लिहायचे कोणी? त्या माणसाला ओळखणाऱ्या दोघांनी सांगावे, नववीच्या मुलांनी विचारून उतरवून घ्यावे, मुख्याध्यापकांनी तपासून सही करावी. सुरुवात कमी पटाच्या शाळांपासून झाली पाहिजे, कारण त्यांच्यापाशी वेळ थोडा आहे. अशी शाळा बंद होऊन जवळच्या शाळेत मिसळली की जनरल रजिस्टर नव्या शाळेकडे जाते, बाकांची आणि फळ्यांची मोजदाद डेडस्टॉकच्या वहीत होते, आणि माणसांना ओळखणारी माणसे पांगतात. हस्तांतराच्या त्या यादीत स्मरणवहीचाही अनुक्रमांक असावा, आणि ती मिळाल्याची पोच नव्या मुख्याध्यापकांनी द्यावी.